वाळ्याची डावी बाजू

डावी बाजू कोणी काढली, असं त्या मुलीनं फोनवर विचारलं तेव्हा मी मटार सोलत होते. प्रश्न साधा होता आणि तिनं तो अदबीनंच विचारला होता, तरी माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मुलीचं नाव पूर्वा. प्राणिशास्त्राच्या ज्या संस्थेत मी एकतीस वर्षं चित्रं काढली तिथं ती आता सापांवर संशोधन करते. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे मी तिला पाहिलेलं नव्हतं. "मॅडम, तो चौऱ्याण्णवचा पेपर आहे ना, भालेराव सरांचा, धायरीच्या वाळ्याचा," ती म्हणाली, "त्यातल्या डोक्याच्या ड्रॉइंगखाली कुणाचंच नाव नाहीये. ऑफिसमधले म्हणाले, तेव्हा तुम्हीच काढायचात." मी हो म्हटलं. "खूप सुंदर आहे, मॅडम. फक्त लेफ्ट साइडबद्दल एक डाउट होता. बरणीतल्या स्पेसिमेनवर मला काहीतरी वेगळंच दिसतंय. तुम्ही एकदा येऊन बघाल का?" मी म्हटलं, येते. फोन ठेवला आणि सालं पातेल्यात आणि दाणे कचऱ्याच्या ताटलीत टाकत बसले. माझा नवरा गुलजार, बुधवार पेठेतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान मुलाकडे सोपवून घरी बसल्यापासून माझ्या स्वयंपाकावर फार बारीक लक्ष ठेवतो. "आज छिलके पकानेके क्या?" त्यानं विचारलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी खाल्लं काहीच नव्हतं. पाहिलं होतं आणि बोलले नव्हते. वाळा म्हणजे आंधळा साप. नाव ऐकून लोक दचकतात, पण दिसायला तो गांडुळासारखा, बुटाच्या नाडीएवढा. कुंडीतल्या मातीत, दगडाखाली राहतो, मुंग्यांची अंडी खातो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. डोळ्यांच्या जागी खवल्याखाली एक काळा ठिपका असतो, उजेड-अंधार कळण्यापुरता. घरोघरी कुंड्यांत सापडतो तो नेहमीचा वाळा. त्याच्यात आणि धायरीच्या वाळ्यात फरक काय, तर नाकपुडीपासून निघणारी एक खाच. नेहमीच्या वाळ्याची खाच डोळ्याकडच्या खवल्याला जाऊन मिळते, धायरीच्या वाळ्याची खाली वळून वरच्या ओठाच्या दुसऱ्या खवल्याला. बाकी सगळं हुबेहूब. त्या केसाएवढ्या खाचेवर भालेराव सरांची प्रजाती उभी होती, आणि तीही एकाच सापावर, कारण दुसरा तिथं कुणाला सापडलाच नाही. ज्या एका नमुन्यावरून नव्या प्रजातीचं नाव ठरतं त्याला आमच्याकडे टाइप म्हणतात. तो बरणीत कायमचा जपतात. उद्या कुणाला शंका आली तर पुस्तकाकडे नाही, त्याच्याकडे बघायचं असतं. इथं शंका यायला एकतीस वर्षं लागली, एवढंच.

आणि आमच्याकडे डोक्याचं चित्र अर्धंच काढायची पद्धत होती. मायक्रोस्कोपला एक आरसा जोडलेला असे, त्यातून सापाचं डोकं कागदावर पडल्यासारखं दिसे. उजवी बाजू पेन्सिलीनं गिरवायची, ट्रेसिंग पेपर मधोमध दुमडायचा, मागून घासायचं, की डावी बाजू आपोआप उमटली. मग दोन्हींवर शाई. यात कुणाला काही गैर वाटत नसे. नमुना दिव्याखाली जास्त वेळ राहिला तर सुकतो, आणि सुकला तर गेला. शिवाय उजवं-डावं सारखंच असणार, हे आम्ही निसर्गाच्या वतीनं ठरवूनच टाकलं होतं. मी तेव्हा रोजंदारीवर होते. वडील पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात त्यांचा घेतला होता, बाकीचं सरांनी शिकवलं.

भालेराव सर तेव्हा छप्पन वर्षांचे. नाव तात्याराव, पण त्या नावानं हाक मारण्याइतकं कुणी त्यांच्या जवळ जात नसे. छप्पन सालच्या धर्मांतरात आईवडिलांबरोबर गेलेला अठरा वर्षांचा मुलगा, घरातला पहिला शिकलेला, आणि बोलणं असं मोजकं की शिपायाला चहा सांगतानाही वाक्य तपासून घेत असावेत. त्यांनी घाटात पावसात भिजून गोळा केलेल्या बेडकांवर दोनदा वरिष्ठांचे पेपर निघाले होते आणि दोन्ही वेळा यांचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, संस्थेतल्या भिंतींना माहीत होतं. त्यामुळे धायरीला सोजरबाईंच्या वांग्याच्या शेतात बांधावरचा दगड उलटताना त्यांना तो वाळा मिळाला, तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या खिशातल्या चष्म्याच्या घरात घालून आणला, कुणाच्या हातात दिला नाही. मी बरोबर होते. सोजरबाई पदर खोचून बघत होत्या. "न्या की," त्या म्हणाल्या, "पर डोळं न्हाईत त्येला, म्हून आमी मारत न्हाय. आंधळ्याला काय मारायचं?" सरांनी ते वहीत तसंच्या तसं उतरवून घेतलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीहून संस्थेकडे जाणाऱ्या पीएमटीत मला खिडकी मिळाली आणि मी मनातल्या मनात तो शनिवार पुन्हा पुन्हा पाहत राहिले. अर्ध्या दिवसाचा शनिवार होता. चित्र शाईसकट पुरं झालं होतं. सरांनी ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातलं, सगळ्यांना आंबा बर्फी वाटली आणि मला म्हणाले, "नजमाबाई, चित्र बोलतं आहे." त्यांच्या तोंडून इतकं म्हणजे दुसऱ्या कुणी मिरवणूक काढल्यासारखंच. त्याच सकाळी त्यांनी माझ्या कायम होण्याच्या अर्जावर शिफारस लिहिली होती. ते गेले, मी मागं आवरायला थांबले. वाळा चिमट्यात धरून बरणीत सोडताना तो वळला आणि डावी बाजू वर आली. दिवा चालूच होता. सहज वाळ्याला भिंगाखाली धरलं. नाकपुडीपासून एक रेघ निघालेली दिसली आणि ती ओठाकडे जात नव्हती, सरळ डोळ्याकडे चालली होती. मी फार तर दोन श्वास बघितलं असेल. मग दिवा बंद केला आणि झाकण लावलं. रविवारभर स्वतःला समजावलं की सोमवारी सांगू. सोमवारी सर नवा शर्ट घालून आले होते. जो तो त्यांचा हात हातात घेत होता, ज्यांनी बेडूक पळवले तेही. मी टेबलाशी बसून पेनांच्या निबा धुतल्या. सांगितलं असतं तर एका सापावर उभी असलेली प्रजाती तिथंच बसली असती, कारण एक बाजू अशी आणि एक तशी म्हणजे नेहमीचाच वाळा, जरा वाकडा जन्मलेला. मग मंगळवार आला. एकदा मंगळवार आला की काही सांगायचं राहतच नाही.

पेपर छापून आला. मी पान न् पान चाळलं आणि माझं नाव कुठंच नव्हतं. चित्राखाली नाही, आभारात नाही. टंकलेखकाचं होतं, जीपच्या ड्रायव्हरचं होतं. मला किती सुटल्यासारखं वाटलं! म्हटलं, अल्लानं झाकलं. त्या जुम्म्याला मी दर्ग्यात शिरणी वाटली. पण त्याच आठवड्यापासून सर बदलले. माझ्या खोलीत यायचे बंद झाले. नमुने शिपायाच्या हाती चिठ्ठी लावून यायचे, नंतर तेही दुसऱ्या चित्रकाराकडे जायला लागले. संध्याकाळी आम्ही एकाच थांब्यावर उभे राहायचो, तर ते पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊ लागले. मी काय समजायचं? त्यांनी बरणी उघडून पाहिली, असंच समजले. पाहिलं आणि सज्जनपणानं गप्प राहिले. शिफारस त्यांनी मागं घेतली नाही, मी कायम झाले, आणि दर महिन्याला पगाराची सही करताना मला त्यांची पाठ दिसायची, थांब्याकडे चालत जाणारी. शहाण्णवला ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हार हातात घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "एकदा बोलायचं आहे तुमच्याशी." मी म्हटलं, "सर, बस चुकेल." दुपारचे तीन वाजले होते आणि बस दर दहा मिनिटांनी होती.

पूर्वा दारातच उभी होती. सव्वीस-सत्तावीसची असेल, हाताच्या नखांत माती. तिनं मला माझ्याच जुन्या खोलीत नेलं. आता तिथं वातानुकूलन आहे आणि माणसं स्वेटर घालून बसतात. तिनं सगळं समजावून सांगितलं. धायरीत एका सोसायटीच्या टाकीचं खोदकाम चालू होतं, तिथं तिला दुसरा वाळा मिळाला होता, एकतीस वर्षांत पहिलाच. पण फावड्याखाली त्याच्या डोक्याची उजवी बाजू चेचली गेली होती. शाबूत होती ती डावी, आणि त्या बाजूला खाच ओठाकडे जाते. "म्हणजे तुमच्या ड्रॉइंगसारखीच," ती म्हणाली. "पण टाइपची लेफ्ट साइड बघितली तर तिथं डोळ्याकडे जातेय असं वाटतंय. मग मी कशाशी मॅच करू? टाइपच तसा असेल तर आख्खी प्रजातीच सिंक होईल, मॅडम. नेहमीच्या वाळ्यात विलीन करावी लागेल. भालेराव सरांची एकच आहे ना ती?"

एकच आहे, मी म्हटलं. बरणी टेबलावर होती. लेबलवरचं अक्षर माझं, शाई तपकिरी पडलेली. इथं मला सोपं होतं. एकतीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार, दिसलं तसं काढलं, असं म्हणता आलं असतं. वय झालं की विसरण्याची मुभा लोक आपण होऊन देतात. पण मला एकाएकी त्या सगळ्याचा विलक्षण कंटाळा आला. भीतीचासुद्धा कंटाळा येतो हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पूर्वा, आधी ऐकून घे, मग दिवा लाव. डावी बाजू मी काढलेलीच नाही. उजवी दुमडून उमटवली आहे. आणि पेपर जायच्या आधी डावीकडची रेघ डोळ्याकडे जाताना मी पाहिली होती. कुणाला सांगितलं नाही. सरांनाही नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी कठोर येईल म्हणून मी तयार होते. "ओके," ती म्हणाली. मग म्हणाली, "तेव्हा सांगायला हवं होतं, मॅडम." मी म्हटलं, हो. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला ते कुणी म्हटलं नव्हतं.

मग मी खुर्चीवर बसले आणि वाळ्याकडे पाहिलं. अल्कोहोलनं त्याचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. डावी बाजू वर, दिवा डावीकडे. रेघ होतीच. नाकपुडीपासून निघून सरळ डोळ्याच्या ठिपक्याकडे गेलेली, अगदी त्या शनिवारी पाहिली होती तशी. मी नुसती बघत राहिले, आणि बघता बघता कुठं तरी हाताला खटकलं. डोळ्याला नाही, हाताला. ही रेघ मला काढायला सांगितली असती तर मी तिची सावली कुठल्या बाजूला दिली असती? वडील पाट्या रंगवताना म्हणायचे, उठावाच्या अक्षराची सावली दिव्याच्या पलीकडे पडते, कोरलेल्या अक्षराची दिव्याच्या अंगाला. तेवढं चुकलं की पाटी खोटी दिसते. खाच म्हणजे कोरलेली. हिची सावली पलीकडे पडली होती. मी पूर्वाला म्हटलं, दिवा उजवीकडे घे. तिनं घेतला. सावली उडी मारून डावीकडे गेली. पुन्हा पलीकडेच. "ही खाच नाही," मी म्हटलं. "हा उंचवटा आहे. चुणी आहे." मला बारीक ब्रश हवा होता. "मॅडम, टाइप आहे तो!" ती जवळजवळ ओरडलीच. मी म्हटलं, "बाई, याला या बरणीत मीच ठेवलंय." ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून मी चुणीच्या कडेला टेकवला, ढकलला नाही, नुसता टेकवला. चुणी हलली. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं काहीतरी अलगद सुटून बाजूला तरंगलं आणि रेघ त्याच्याबरोबर गेली. तो वाळा मेला तेव्हा कात टाकायच्या बेतात होता. जुनी कातडी गालावर सैल होऊन दुमडली होती आणि तशीच एकतीस वर्षं चिकटून राहिली होती. खाली स्वच्छ नवा खवला होता. त्यावरची खाच नाकपुडीपासून निघून खाली वळत होती आणि ओठाच्या दुसऱ्या खवल्याला नीट जाऊन मिळत होती.

"राहिली!" पूर्वा म्हणाली. "मॅडम, राहिली!" तिनं माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि रागही आला होता, कारण हे व्हायला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. एक दिवा या बाजूचा त्या बाजूला. त्या शनिवारी मी तो बंद करण्याऐवजी नुसता हलवला असता, तर माझी उभी नोकरी हलकी गेली असती. पण रागाला तिथं फार वेळ जागा मिळाली नाही. छातीवरचं ओझं असं काही उतरलं होतं की मला भूकच लागली. कँटीनमध्ये जाऊन मी दोन वडे खाल्ले. पूर्वा बघत राहिली.

पण सरांना सांगायचं होतं. निवृत्तीनंतर ते मुद्दाम धायरीला राहायला गेले होते, हे मला माहीत होतं. एकोणतीस वर्षांत पत्ता कधी विसरले नाही आणि कधी गेलेही नाही. सिंहगड रोडनं बस जाताना वांग्यांची शेतं शोधायचा वेडेपणा मी केला. तिथं आता सगळ्या सोसायट्याच आहेत आणि प्रत्येकीच्या नावात व्हॅली किंवा हिल्स. दार सरांनी स्वतःच उघडलं. सत्त्याऐंशी वर्षांचे, हातात काठी, शर्टाची इस्त्री तशीच. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"या," ते म्हणाले. "उशीर केलात."

"सर, मी येणार म्हणून कळवलं कुठं होतं?"

"बोलायचं आहे असं मी शहाण्णवला म्हटलं होतं. त्या मानानं उशीरच."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शनिवार, रेघ, सोमवार, माझा अर्ज, आजची चुणी. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी विचारलं, "म्हणजे प्रजाती राहिली?" मी म्हटलं, राहिली. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत तर मी पेपर थांबवला असता. दिवा हलवून बघायचं मला सुचलं नसतं. तेव्हाच बुडाली असती." आणि लगेच पुढं, "म्हणून तुमचं बरोबर होतं असं नाही." मी म्हटलं, नाही सर.

"तुम्ही मला टाळत होता," मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्ही बरणी उघडून पाहिलीत."

"बरणी?" सर म्हणाले. "बरणी मी कशाला उघडू? तुम्ही काढलेलं चित्र होतं." ते खाली बघत राहिले. "नजमाबाई, पेपर छापून आला तेव्हा त्यात तुमचं नाव नव्हतं. ड्रायव्हरचं होतं. तुमचं मी विसरलो. लोकांनी माझं नाव दोनदा गाळलं होतं, ते मी जन्मभर विसरलो नाही, आणि माझ्या हातात पहिल्यांदा पेन आलं तेव्हा मी तुमचं गाळलं. दुरुस्ती छापून आणता आली असती. अर्ध्या पानाचं काम. लाज वाटली, आणि मग उशीर झाला. तुमच्या समोर उभं राहवेना, म्हणून पुढच्या थांब्यावर जायचो."

एवढा मोठा माणूस, आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्यासाठी एक थांबा चालत होता. "सर," मी म्हटलं, "नाव नाही म्हणून मी शिरणी वाटली होती."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. सरांना हसताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते आणि आवाज येत नव्हता. "माझ्या पापाची शिरणी," ते म्हणाले, "आणि मला एक दाणासुद्धा दिला नाहीत." मग मीही हसायला लागले आणि आम्ही दोघं म्हातारे त्या बैठकीच्या खोलीत डोळे पुसत बसलो. दोन वर्षं एकमेकांची पाठ बघितली होती आणि मग एकोणतीस वर्षं तीही नाही. मला इतकं मोकळं वाटत होतं की थोडं वाईटही वाटलं, ज्या वर्षांचं काही करता येत नाही त्यांच्याबद्दल. पण थोडंच.

त्यांनी कपाटातून तो पेपर काढला. त्यांची स्वतःची प्रत, कडा पिवळ्या पडलेल्या. चित्राचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं, शेजारी पेन ठेवलं आणि म्हणाले, "सही करा. पूर्ण नाव. त्या मुलीच्या पेपरात येईल तेव्हा येईल, इथं आधी."

मी पेन उचललं. आयुष्यात हजारभर चित्रं काढली असतील, सही एकावरही केली नव्हती. ते डोकं माझ्याकडे बघत होतं, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. मी चित्राच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लिहिलं: नजमा गुलजार अत्तार, उजवी बाजू.

सरांनी भिंग लावून ते वाचलं. दोनदा वाचलं. "आणि डावी?" त्यांनी विचारलं.

"ती सोमवारी काढायला बसते आहे," मी म्हटलं. "बघून."